राजेश्वरीबाईंचे खांब

राजेश्वरीबाई सोलापूरच्या दवाखान्यात पहाटे वारल्या. नवऱ्यानं, गौरीशंकरनं, अजून लेकीलाही फोन केला नव्हता, तोवर शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष बसवराज यांचा शोकसंदेश गावभर मोबाइलवर फिरला. त्यात बाईंचा फोटो बोटभर, अध्यक्षांचा वीतभर. खाली लिहिलं होतं, 'कबड्डीची माउली हरपली.'

बाईंनी हयातभर शाळेत खो-खो शिकवला. त्यांच्या पोरी उतरल्या की समोरचा तामलवाडीचा संघ आधी पाणी प्यायचा. ढालींनी कपाट भरलं तेव्हा अध्यक्षांनी दुसरं घेतलं आणि त्यावर स्वतःच्या वडिलांचं नाव घातलं. मैदानाला मात्र पाटीभर माती दिली नाही. ती बाईच आणायच्या, गौरीशंकरच्या पेंडीच्या टेम्पोतून. मैदानाचे दोन्ही सागवानी खांबही त्यांनीच करून घेतलेले. खंडेनवमीला पोरी त्यांची पूजा करायच्या.

लिंगायत रीतीनं बाईंना समाधीत बसवताना बसवराज म्हणाले, "जरा थांबा, फोटो होऊ द्या."

"थांबतीय की ती," गौरीशंकर म्हणाला. "मैदानासाठी तुझ्या दारात जन्मभर थांबलीच की."

शोकसभा मैदानावरच ठेवली होती. गौरीशंकर पोचला तर समोर हा एवढा फ्लेक्स. तो बाईंच्याच खांबांना बांधला होता. मांडवाला अडचण होते म्हणून खांब उपटले, आणि फ्लेक्सच्या कामी लावले.

अध्यक्ष लई बोलले. इथंच बाईंचं स्मारक होणार म्हणाले. कोनशिलेवरचं फडकं ओढलं. टाळ्या झाल्या. शोकसभेत टाळ्या!

"काका, दोन शब्द बोला," अध्यक्ष म्हणाले.

गौरीशंकर माइकपुढं उभा राहिला. "खांब परत कवा लावणार?"

"अहो काका, स्मारकाचं चाललंय, अन् तुमी खांबाचं काय काढलंत?"

"जिल्ह्याच्या मॅचेस तोंडावर हायत. पोरी काय तुझ्या फ्लेक्सला धरून वळतील?"

मागं बसलेल्या पोरी फिसकन हसल्या.

"मीटिंगमध्ये ठेवू," अध्यक्ष म्हणाले.

"ठेवा. तिचे अर्जबी तिथंच ठेवलेत तुमी. सोबत हुईल."

दुसऱ्या दिवशी गौरीशंकर पहार घेऊन आला. फ्लेक्स उतरवून त्यानं पेंडीच्या पोत्यांवर झाकायला नेला. अध्यक्षांचा गावाला झालेला एवढाच उपयोग. मग पोरींनी हात लावला आणि पहिला खांब जागेवर उभा राहिला. कप्तान सृष्टी बाईंचा मापाचा दोर ताणत मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि तिथंच थबकली.

"काका, दुसरा खड्डा हितं येतोय."

दोराचं टोक कोनशिलेच्या कट्ट्यावर पडलं होतं. दगडावर वर बाईंचं नाव होतं. खाली, त्याच्या दुप्पट अक्षरांत, 'बसवराज यांच्या शुभहस्ते'.

"फोडा की," सृष्टी म्हणाली. "बाई असत्या तर कवाच फोडला असता."

"व्हय. तिनं फोडला असता."

त्यानं पहार उचलली. खालच्या नावावर घाव घालायला त्याचा हात मागंपुढं झाला नसता. पण दगड एकच होता, आणि वर तिचं नाव होतं. त्यानं पहार खाली ठेवली.

मॅचेस पुढच्या आठवड्यात आहेत. पोरी एकाच खांबाभोवती वळायचा सराव करतात. दुसरा शाळेच्या भिंतीला टेकवून ठेवलाय. तो अजून रोवायचा राहिलाय.