दोन पेनं आणि खडूची रेघ

मित्रांनो, मी रक्तातली साखर मोजणारा एक जुना ग्लुकोमीटर आहे. त्या सकाळी टेबलावर पट्ट्या एकतीस, सुया चार, इन्सुलिनची पेनं दोन आणि मी, एवढेच होतो. सगळं नीट पार पडलं, म्हणूनच हे निवांतपणे सांगतोय.

शिंपीकाकांच्या घरी मी आलो तेव्हा त्यांचं एकच पेन होतं, दुधाळ मिश्र इन्सुलिनचं. टोचण्याआधी ते तळव्यांत घोळवावं लागे. काकू म्हणत, "औषध घेताय की हात शेकताय?" माझं कौतुक महिनाभर टिकलं. मग मी बटणांच्या खणात गेलो, आठवड्यातून एकदा बाहेर येऊ लागलो.

पुढे डॉक्टरीणबाईंनी दोन वेगळी इन्सुलिनं दिली. जलद जेवणाआधी सहा युनिट. ते पंधरा मिनिटांत कामाला लागतं, चार-पाच तासांत ओसरतं. संथ सकाळी अठरा युनिट, ते दिवसभर पुरतं. दोन्ही पाण्यासारखी नितळ. काकांनी संथ पेनावर कापडाच्या खडूने रेघ ओढली.

फ्रिजच्या दारात पेनं एकमेकांना चिकटून असत. ओल लागली आणि रेघ शेजारच्या पेनावरही उमटली. त्या सकाळी काकांनी रेघ पाहून अठरा युनिट टोचले, दुसरं पेन उचललं आणि थबकले.

"अगं, याच्यावरही रेघ आहे!"

काकूंनी चष्मा लावून नाव वाचलं. "अहो, अठरा युनिट जलद घेतलंत तुम्ही!"

एवढ्या जलद इन्सुलिनने साखर फार उतरली तर माणूस बेशुद्ध पडतो, जिवावरही बेततं. काकूंनी लगेच फोन लावला.

"आधी साखरपाणी, मग भरपूर नाश्ता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दर पंधरा मिनिटांनी मोजा, दुपारपर्यंत एकटं सोडू नका. सत्तरखाली जाऊन वर येईना, तर तडक इकडे."

मी मोजत राहिलो. १३८. ९६. ७४.

"लोकांची मापं घेण्यात जन्म गेला," काका म्हणाले, "आज माझंच घेतायत."

"बोलू नका, खा!"

६८. काकांचे हात थरथरू लागले, कपाळ घामाने भिजलं. पुन्हा साखरपाणी.

८३. काकू सकाळपासून पहिल्यांदाच खुर्चीत टेकल्या. "यापुढे नाव मोठ्याने वाचल्याशिवाय पेनाला हात लावलात तर बघा!"

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी इन्सुलिन घेत असेल, तर त्यांनाही एवढंच सांगा. आणि माझ्यासारख्याला खणात टाकू नका.

दुपारी दीड वाजता काकांनी पुन्हा बोट पुढे केलं. मी पाच सेकंद घेतले.

११६.