हात पुरेल एवढं खोल

चंदनाताई रोज सकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, जाऊन भगवंतासमोर एका दिवसापुरता नियम घेत. आज दही सोडलं, आज दोनच पदार्थ, आज पेठेबाहेर पाऊल टाकायचं नाही. पंचवीस वर्षांत सोडण्यासारखं बहुतेक सोडून झालं होतं, आणि नवं काय सोडावं हीच पंचाईत होऊन बसली होती. ती काल जेवताना त्यांच्या यजमानांनी, तात्यासोंनी, सोडवली.

"तू सगळं सोडतीस," ते भाकरी मोडत म्हणाले. "तुझा लाडका शब्द तेवढा सोडला न्हाईस."

"कुठला?"

"नको."

"नको ते बोलू नका," चंदनाताई म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःच जीभ चावली.

तर आज सकाळी त्यांनी हात जोडून नियम घेतला, की सूर्यास्तापर्यंत तोंडातून 'नको' किंवा 'नाही' काढायचं नाही, मान हलवून किंवा हातानं सरकवूनही सांगायचं नाही. वचनानं आणि कायेनं, एवढंच. मनाची हमी त्यांनी दिली नाही, कारण मनाला त्या चांगल्या ओळखून होत्या.

घरी आल्या तर सून प्राची हातात सुतळीचं गुंडाळं घेऊन उभी. महिनाभर तिचं एकच चाललं होतं, घरात डीप फ्रीजर घेऊया. मागच्या उन्हाळ्यात तिनं केलेली आंब्याची कुल्फी गल्लीत पुरी पडेना. यंदा बिद्रीच्या एका लग्नाची दोनशे कुल्फ्यांची मागणी आली होती आणि आज संध्याकाळपर्यंत होय की नाही ते कळवायचं होतं. घरच्या फ्रीजमध्ये चाळीसच्या वर मावत नव्हत्या.

चंदनाताईंच्या स्वयंपाकघरात काल शिजलेलं आज राहत नसे. आणि ही पेटी चैत्रातलं आषाढात नेऊन ठेवणारी. महिनाभर त्या 'नको' म्हणत आल्या होत्या, त्याचं कारण हे.

"आत्या, शाहूपुरीतल्या दुकानात नुसतं बघून येऊया का?" प्राची म्हणाली. सासूला ती आत्याच म्हणे. "न्हाय म्हणणार म्हाइती हाय मला, तरी इचारते."

चंदनाताईंनी तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. "चप्पल घालते," त्या म्हणाल्या.

दुकानदार हंबीरराव दारातच उभे होते. आवाज असा, की समोरच्या दुकानातलं गिऱ्हाईकही वळून बघावं. "या पावणं, या काकू. हे बघा आमचं पाचशे लिटरचं धूड. दोन बकरी आरामात झोपतील ह्यात."

"आम्ही जैन हाय," प्राची म्हणाली.

"असं व्हय. मग बटाट्याची ती बोटं मिळत्यात बघा पिशवीत…"

"बटाटा न्हाय."

"आलं-लसूण वाटून ठेवा वर्षाचं."

प्राचीनं त्यालाही मान हलवली. हंबीररावांनी कपाळ पुसलं. "मग ठेवता तरी काय त्यात? बर्फ?"

"बर्फसुद्धा गाळलेल्या पाण्याचा," चंदनाताई हळूच म्हणाल्या.

हंबीरराव एवढे हसले की झाकणावर हात टेकावा लागला. मग म्हणाले, "तर मोठाच देऊ नव्हं?"

प्राचीनं मान खाली घातली. पुढचा शब्द तिला पाठ होता. चंदनाताईंच्या जिभेवर तो आलाही, आणि तिथंच अडकून बसला. मग त्यांनी पदर खोचला, झाकण वर केलं आणि दुकानातल्या चार माणसांदेखत कमरेत वाकून हात आत घातला. बोटं तळाच्या वीतभर वर थांबली.

"माझा हात तळाला लागंल असा दाखवा," त्या आतूनच म्हणाल्या.

"तुमचा हात?" प्राचीनं विचारलं. "म्हणजे तुम्ही काढणार कुल्फ्या?"

"घरात पेटी आली, तर तिचा तळ मला ठाऊक पाहिजे. तळाला जे विसरून राहतं तेच शिळं होतं." त्या सरळ झाल्या. "आणि ठेवायची कुठं?"

प्राचीनं सुतळी उलगडली. तिला दोन गाठी होत्या, जागेच्या लांबी-रुंदीच्या. "सोप्यात, जिन्याखाली. स्वयंपाकघरापासून अकरा पावलं. भांडी वेगळी, दूध त्याच दिवशीचं आणि डब्यावर तारीख. सगळं ठरवून ठेवलं होतं, आत्या. तुम्ही इचारलंच न्हाय."

चंदनाताईंना ते लागलं. 'नको' म्हटल्यावर विचारायचं काही उरतच नाही, हे त्यांच्या आजवर ध्यानात आलं नव्हतं.

तेवढ्यात हंबीररावांनी शेजारच्या फ्रीजरमधून आईस्क्रीमचा कप काढून त्यांच्यापुढे धरला. "घ्या काकू, उन्हातनं आलाय."

आता आली का पंचाईत. चंदनाताई बाहेरचं खात नसत, आणि 'नको' म्हणायची सोय नव्हती. हातानं सरकवायचीही नव्हती. कप वितळायला लागला. हंबीरराव वाट बघत होते.

"आमच्या प्राचीला द्या," चंदनाताई म्हणाल्या. "पारख तिला आहे."

प्राचीनं चमचा तोंडात घातला. "खडे लागत्यात बर्फाचे. आमच्या कुल्फीत असं होत न्हाय."

"एवढं हाय तर आणा की तुमची," हंबीरराव म्हणाले.

"आणतो," चंदनाताई म्हणाल्या. "तुमच्याच पेटीत गोठवून."

प्राचीनं तिथंच उभ्या उभ्या बिद्रीला फोन लावून होय कळवलं.

दुकानातला तिसरा फ्रीजर, दीडशे लिटरचा, चंदनाताईंच्या हाताला बेताचा निघाला. साडेपाचला टेम्पोनं तो घरी आला. उतरवताना टेम्पोवाल्यानं बजावलं, "चार तास बसू द्या. लगेच पीन घातली तर मशीन बसंल."

हे ऐकायला तात्यासो तिथं नव्हते. प्राची टेम्पोवाल्याला बाहेर सोडायला गेली आणि चंदनाताई जिन्याकडे वळल्या, तर तात्यासो हातात पीन घेऊन वाकलेले. बाहेर ऊन अजून पिवळं होतं.

'नको' त्यांच्या दातांपर्यंत आलं. त्या ओरडल्या, "अहो, जेवायला चला!"

"आत्ता? एवढी पीन लावून येतो."

"वाढलंय. शेंगाची चटणी केलीय. ताजी."

तात्यासोंनी पीन खाली ठेवली. चटणीपुढे त्यांचं कधीच काही चालत नसे. चंदनाताईंनी मग चटणी कुटायला घेतली, कारण ती अजून केलेलीच नव्हती, आणि मनातल्या मनात त्या खोट्याचं प्रायश्चित्तही ठरवून टाकलं. उद्याच्या नियमाची काळजी मिटली.

दिवस मावळायच्या आत सगळ्यांचं जेवण उरकलं. तात्यासो हात पुसत उठले आणि थेट जिन्याखाली गेले. चंदनाताईंनी खिडकीतून पश्चिमेला पाहिलं. सूर्य नुकताच बुडाला होता.

"नको," त्या म्हणाल्या. दिवसभराचं साठलेलं सगळं त्या एका शब्दात निघालं. प्राची ताट घेऊन धावत आली.

तात्यासो पीन हातात धरून बघत राहिले. "काय झालं?"

"साडेनऊपर्यंत हात लावायचा नाही तिला. माझी पेटी आहे ती."