सतरावा कीबोर्ड

चार वाजता यादीवर शेवटचा शिक्का बसणार होता आणि तिचा पाय जागेवर ठरत नव्हता. तीनदा पाणी पिऊन झालं, दोनदा उगीचच जिना उतरून चढून झाला. संगणक प्रणालीच्या नव्या आवृत्तीत कुठल्या भाषांचे कीबोर्ड आधीपासून घालायचे, ही यादी अकरा वर्षं तिच्याच हातची. कीबोर्ड म्हणजे नुसत्या कळा नव्हेत. शब्द सुचवणारा कोशही सोबत येतो आणि तो मेला जागा खातो. जागा होती सोळांची. यादीत होते सतरा. सतराव्यापुढे वापरणारे: शून्य.

ती तिच्या आत्याची भाषा होती. म्हणजे तिचीही, पण हे ऑफिसात तिने कुणाला कळू दिलं नव्हतं.

आत्या दूरच्या शाळेत शिकवायची. तिथे नेट नव्हतं. नवी आवृत्ती पेनड्राइव्हवर, पोस्टाने जाई. त्यात जे असेल तेवढंच मुलींना मिळे. सकाळीच आत्याचा फोन येऊन गेला होता.

"अगं, पोरी आता झरझर लिहायला लागल्यात. नव्यात आपलं असेल ना?"

"असेल गं," असं ती बोलून बसली होती.

बैठकीत गणित्याने आकडे वाचले. मोजणी बघणाऱ्याला सगळे गणित्याच म्हणत. तो शून्यापाशी आला आणि तिला राहवलं नाही.

"हे आकडे येतात कुठून?"

"नेटवरून. मशीन आपणहून कळवतं."

"मग ज्या मशीनला नेटच नाही, ते काय कळवणार? नेटवाला नंतरही उतरवून घेईल. आधीपासून घालायचं ते बिननेटवाल्यांसाठीच ना?" गणित्याने आकड्यांचा कागद पुन्हा चाळला. "बरं, इथे आपापल्या मशीनवर ही मोजणी चालू ठेवलीय कुणी?"

कुणीच नाही. नवं मशीन हातात आलं की आधी ती मोजणी बंद करायची, ही या मजल्यावरची जुनी खोड. खुद्द गणित्यानेही केली होती. सगळे खो खो हसले. तिला हसू येईना.

साहेब म्हणाले, "मान्य. आकडे बाद. मग कुठला काढायचा, तुम्हीच सांगा."

"वॉलपेपर कमी करा की."

"ते ठरून गेलंय. सोळाच बसतील. तीन मिनिटं आहेत."

एवढा पुढचा विचार तिने केलाच नव्हता. यादी तिच्यापुढे सरकली. आपली सोडून सोळा ओळी. बोट एकेका नावाशी थांबे आणि घाबरून पुढे जाई. त्यातल्या पाच-सहा भाषा टेबलाभोवतीच्या कुणाच्या ना कुणाच्या घरच्या होत्या. त्यांना हात लावायची तिची छाती नव्हती. उरलेल्यांबद्दल तिला एवढंच ठाऊक होतं की त्यांचं इथे कुणी नाही. बाराव्या ओळीची लिपी तर तिला वाचताही येत नव्हती. तिने तीच खोडली.

"बारावी का?" साहेबांनी विचारलं. "कारण लिहावं लागतं."

"वापर कमी आहे," ती म्हणाली.

गणित्याने चमकून तिच्याकडे पाहिलं. साहेबांनी ते कारण जसंच्या तसं लिहून घेतलं, आणि स्वतःची इतकी लाज तिला आजवर कधी वाटली नव्हती.