भुकेलं पाणी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची नळी आहे. दुधात पाणी किती ते सांगणारी नळी तुम्ही पाहिली असेल. मी तिची चुलत बहीण. मी पाण्यात मीठ किती ते सांगते. पाणी जितकं खारट तितकी मी वर तरंगते, जितकं गोडं तितकी खाली जाते. पोटात शिशाचे छर्रे, मानेवर बारीक रेघा, त्यातली एक लाल. एवढंच माझं रूप.

युक्रेनमध्ये, कार्पेथियन डोंगरांच्या पायथ्याशी, पोटॅश खताच्या एका खाणीत माझी अठ्ठावीस वर्षं गेली. खाली गुलाबी मिठाच्या भिंती होत्या. अशा खाणीला आगीपेक्षा पाण्याची भीती जास्त. छतातून ठिबकणारं पाणी मिठाने तुडुंब भरलेलं असेल, तर ते जुनं, आतच कोंडलेलं. त्याला आणखी मीठ खाता येत नाही. पण अर्धवट खारट असेल, तर ते वरच्या ओढ्यातून येतंय आणि वाटेतल्या भिंती खात येतंय. खाणकरी त्याला 'भुकेलं पाणी' म्हणायचे, आणि म्हणताना आवाज खाली आणायचे.

खाणीतलं पाणी तपासणारी परास्का मावशी दर सोमवारी मला लोकरीच्या मोज्यात घालून, छातीशी धरून खाली न्यायची. ठिबकणाऱ्या पाण्याच्या बादलीत सोडायची आणि श्वास रोखायची. लाल रेघ पाण्याबाहेर राहिली, म्हणजे पाणी मिठाने भरलेलं निघालं, की म्हणायची, "शहाणी गं माझी ती." तेवढ्या कौतुकावर मी जगले.

मग देश बदलला आणि सरकारी खाणीची खाजगी कंपनी झाली. कामगारांनी शनिवारी दुपारी बारापर्यंत सही केली तर शेअर अर्ध्या भावात, नंतर बाहेरच्यांना. गावाला दुसरं काही सुचेना. परास्काची मुलगी सोलोमिया आणि जावई ओस्ताप यांनी शेअरसाठी गाय विकायचं ठरवलं. घरात आठ महिन्यांची तान्ही होती. तिचं दूध त्याच गाईचं.

आणि त्याच आठवड्यात, सोमवारी, तिसऱ्या बोगद्यात, माझी लाल रेघ पाण्याखाली गेली.

परास्काने मला पुसून पुन्हा सोडलं. पुन्हा तेच. ती धावत वर आली. खाणीचा इंजिनिअर हसला. "मावशी, नळी म्हातारी झाली. तुमच्यासारखीच." त्याने वहीत मागच्या आठवड्याचाच आकडा लिहिला आणि मला मोडक्या पेन्सिलींच्या खणात टाकलं. मित्रांनो, अंधाराचं मला काही वाटत नाही, खाणीतच वाढले मी. पण खरं बोलून खणात पडणं फार जड गेलं.

शनिवारी सकाळी परास्काने मला कोणाला न विचारता बाहेर काढलं. गावच्या सभागृहात दारापर्यंत रांग लागली होती. बाहेर गाईचं गिऱ्हाईक दोर घेऊन उभं होतं. परास्काने टेबलावर पाण्याने भरलेली काचेची मोठी बरणी आपटली.

"तिसऱ्या बोगद्यातलं आहे. भुकेलं आहे!"

रांग विस्कटली. इंजिनिअर मात्र डगमगला नाही. "काय हो बायांनो, काकडीचं खारं पाणी तुम्ही कसं तपासता?"

"अंडं सोडून!" चार-पाच जणी एकदम म्हणाल्या.

बाजारातून आलेल्या एकीच्या टोपलीतलं अंडं बरणीत पडलं आणि टुणकन वर आलं. लोक हसले, सुटकेचं हसले. मला ओरडावंसं वाटत होतं. अहो, अंडं अर्ध्या मिठावरही तरंगतं! काकडीला तेवढं पुरतं. खाणीला नाही.

परास्काने मला बरणीत सोडलं. मी खाली गेले.

"ती मोडक्या पेन्सिलींतली ना? ती काय सांगणार!" इंजिनिअर म्हणाला.

"आई, पुरे करा आता," ओस्ताप दबक्या आवाजात म्हणाला. "सोमवारी मला कामावर तोंड दाखवायचंय. सोलोमिया, कर सही. दहा मिनिटं उरलीत."

सोलोमियाच्या एका हातात पेन होतं, कडेवर लेक. तिने माझ्याकडे पाहिलं. मग पेन तसंच बोटांत धरून टेबलावर खाणीचा नमुना म्हणून ठेवलेल्या वाडग्यातलं कुटलेलं मीठ मूठभर उचललं आणि बरणीत टाकलं.

"भरलेलं पाणी असेल तर हे तळाशी बसेल, हो ना साहेब?"

ती लाकडी पट्टीने ढवळत राहिली. लेक रडायला लागली तरी ढवळत राहिली. माना पुढे आल्या. पाण्यात गुलाबी गढूळपणा उरला. तळाशी मीठ नव्हतं. तिने दुसरी मूठ टाकली. तीही गेली.

"अगं बाई, खातंय की गं!" रांगेतली एक म्हातारी कुजबुजली.

सोलोमियाने पेन ठेवलं. "ओस्ताप, बाहेर जा. त्याला सांग, गाय द्यायची नाही."

"आणि शेअर?"

"तुझी लेक शेअरचं दूध पिणार आहे का?"

ओस्ताप गेला. काहीजण रांगेतून बाहेर पडले. पण मित्रांनो, काहीजण त्यांच्या रिकाम्या जागी पुढे सरकले. परास्का हात जोडत राहिली. त्यांनी सह्या केल्या.

अकरा महिन्यांनी ओढा खाणीत उतरला आणि खाण बुडाली. रविवार होता, आत कोणी नव्हतं. त्या सह्यांचे कागद अजून गावात कपाटांत आहेत. त्यांना कोणी विचारत नाही.

मित्रांनो, तुम्हीही मोठे होऊन कष्टाचा पैसा कुठेतरी लावाल. तेव्हा माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू किंवा परास्कासारखं एखादं जुनं माणूस तुम्हाला नको ते सांगेल. त्यांना खणात टाकू नका. मला जपायचं तर मखमलीत ठेवू नका. पुसा, पाण्यात सोडा, आणि मी बुडाले तर माझ्यावर विश्वास ठेवा.