अभिमनच्या मिटल्या डोळ्यांत

लढाईपायी रॉकेल मिळेनासं झालं, त्या साली पांझरेच्या काठी एक योगी चातुर्मासात राहिला आणि जाताना वच्छलाबाईचा नवरा बिघडवून गेला. निदान तिचं म्हणणं तसं होतं. आता अभिमन रोज पहाटे गोठ्यामागे घोंगडीवर पद्मासन घालायचा, एका नाकपुडीने श्वास ओढायचा, दुसरीने सोडायचा, मग डोळे मिटायचा. इथवर तिची तक्रार नव्हती. पण थोड्या वेळाने त्याच्या ओठांवर हसू यायचं. इतकं गोड हसू अख्ख्या संसारात तिच्या वाट्याला एकदाही आलं नव्हतं.

ते कोणासाठी, हे तिने मनोमन ठरवूनच टाकलं. लग्नाआधी अभिमनला कुंदा नावाची मुलगी दाखवली होती. पुढे तिला रावेरला दिली. वच्छलाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने हंडे आपटले, वासरू सोडून दिलं. हा ढिम्म. शेवटी कुंदा आल्याची थाप मारायला ती त्याच्या कानाशी जाऊन म्हणाली, "कुंदा उनी शे." त्याचा श्वाससुद्धा अडखळला नाही.

तो उठल्यावर तिने तोंडावरच विचारलं, "डोया मिटीसन कोन दिखस तुमले?"

"कोन्हीच नही. मन थांबी जास. बठ्ठं शांत."

"मी?"

"तू बी नही," तो भाबडेपणाने म्हणाला.

सवत असती तर तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. पण जिथे कोणीच नाही, तिथे भांडायचं कोणाशी?

दुसऱ्या दिवशी त्याच्या आधी उठून तीच घोंगडीवर जाऊन बसली. श्वास ओढला, सोडला, डोळे मिटले. आणि समोर अभिमन! कपाशी वेचताना, भाकरी मोडताना, तिच्या तापात उशाशी बसून पेंगताना. हाकलला की पुन्हा हजर. मेला आपल्याला खुशाल पुसून टाकतो, आणि आपल्याला मात्र तो घटकाभर बाजूला सारता येत नाही! तिला त्याचा असा हेवा वाटला की रडूच आलं. तरी ते पेंगणं आठवून ओठ हसलेच.

डोळे उघडले तर अभिमन पुढ्यात उभा.

"तू हासत व्हती," तो म्हणाला. "कोन दिखनं तुले?"

वच्छलाबाईने पदर सावरला. "कोन्हीच नही."

"मी?"

"तुम्ही बी नही."

अभिमनचं तोंड एवढंसं झालं. तो घोंगडीवर बसला, पद्मासन घातलं. परसातली चूल पेटवता पेटवता तिने वळून पाहिलं, तर त्याचे डोळे सताड उघडे होते आणि तो तिच्याचकडे बघत होता.