सात शेंडे

मी एक जुनी कात्री आहे, मित्रांनो, आणि कापायची मला भारी हौस! लोखंड तापवून, ठोकून, दगडावर घासून माझी दोन पाती घडली. ती एका खिळ्याने जोडली गेली आणि त्या दिवसापासून मला स्वस्थ बसवत नाही.

टेलरमास्तरांच्या दुकानात मी पस्तीस वर्षं कापड कापलं. बाह्या, कॉलर, शाळेचे गणवेश, काय म्हणाल ते. मास्तरांनी शिवलेल्या झग्याचा घेर कुठे वर नाही, कुठे खाली नाही, असं गिऱ्हाइकं म्हणायची. कौतुक सगळं मास्तरांचं; कात्रीला कोण विचारतो? पुढे लोक तयार कपडे घेऊ लागले, दुकान बंद झालं आणि माझी रवानगी बटणांच्या डब्यात झाली. तिथे मी तीन वर्षं गंजत पडले होते.

मग एका सकाळी डबा उघडला! मास्तरांची थोरली बहीण, आक्का, घरामागच्या काचघरात टोमॅटो लावते. यंदाची चाळीस रोपं तिने खिडकीत पेल्यांमध्ये बी रुजवून वाढवली होती आणि त्यांची फळं खानावळवालीला आधीच कबूल केली होती. तेवढ्यात ती पाय घसरून पडली आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. म्हणून मास्तर बाह्या सरसावून निघाले, आणि सोबत मी!

आक्का दाराशी स्टुलावर बसून सांगत होती. एका रोपाला एकच खोड ठेवायचं. वरून सोडलेल्या सुतळीभोवती त्याला हळूच वेढे द्यायचे. पान आणि खोड यांच्या बेचक्यात जो कोवळा फुटवा येतो, ती बगलफूट. ती काढायची, नाहीतर रोपाचं रान होतं. शेंड्याला हात लावू नकोस, हे मात्र ती बोलली नाही. एवढंही सांगावं लागेल असं तिला वाटलं नाही.

काय सांगू मित्रांनो, ती सकाळ! कच्, कच्, कच्! पात्यांना हिरवा चीक, हवेत टोमॅटोच्या पानांचा उग्र वास. बघता बघता चाळीस रोपांच्या बगला साफ झाल्या. आक्का औषध घ्यायला घरात गेली. मास्तर चार पावलं मागे सरले आणि एक डोळा मिटून त्यांनी रांग पाहिली. सात रोपं इतरांपेक्षा वीतभर उंच होती. वर-खाली घेर मास्तरांना उभ्या जन्मात सोसला नव्हता. मीही रंगात आलेली. आम्ही सातही जणांना सारखं करून टाकलं.

आक्का परत आली आणि दारातच थांबली.

"हे काय केलंस?"

"सारखं केलं," मास्तर ऐटीत म्हणाले.

"अरे, ती त्यांची डोकी होती."

एरवी साठीतल्या भावालाही ती फैलावर घेते. त्या दिवशी ती नुसती स्टुलावर बसून राहिली. मला जन्मात पहिल्यांदा माझ्या धारेची लाज वाटली. शेंडा गेला की रोपाची वाढ थांबते. वरची एखादी बगलफूट राखून तिलाच नवा शेंडा करता येतो, पण राखणार काय? त्या तर आम्ही एकूणएक काढल्या होत्या.

मला खिळ्याला टांगलं. मास्तर रोज चष्मा लावून त्या सात रोपांपुढे वाकायचे. चौथ्या दिवशी एका बेचक्यात तांदळाच्या दाण्याएवढा फुटवा दिसला! छाटणीच्या सकाळी मास्तरांनी चष्मा लावला नव्हता, म्हणून तो आमच्या तावडीतून सुटला होता. मग दुसऱ्या रोपावर, तिसऱ्यावर! नवव्या दिवसापर्यंत सहा रोपांचं भागलं. दाराजवळचं सातवं मात्र होतं तसंच उभं. उपटून टाक, उगाच जागा अडवतंय, असं आक्का म्हणाली. एक सुटा दोराही ज्यांना सहन होत नसे, त्या मास्तरांनी रोपापुढे आडवा हात धरला.

"राहू दे, आक्का. दोनच दिवस."

दोनाचे पाच झाले. आक्का कुरकुरत राहिली. चौदाव्या सकाळी दोघं एकदमच वाकली आणि डोक्याला डोकं आपटलं. वरच्या पानाच्या बगलेत एक हिरवा ठिपका होता! माझा आनंद माझ्या दोन पात्यांत मावेना.

एव्हाना बाकीच्या रोपांना पुन्हा बगलफूट आली होती. आक्काने डाव्या हाताने मला खिळ्यावरून काढून मास्तरांना दिलं. मास्तरांनी मला उघडलं आणि ते थांबले.

"कुठं कापू?" त्यांनी विचारलं. पस्तीस वर्षांत हा प्रश्न मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

"हा ठिपका सोडून कुठंही," आक्का म्हणाली आणि तिला हसू फुटलं.

तर मित्रांनो, काम झालं की माझा चीक पुसत जा, मला डब्यात गंजू देऊ नका. आणि मला हातात घेतलंत की आधी नीट बघा, कळलं नाही तर विचारा. मी फार उतावळी आहे. माझं मला थांबता येत नाही.