मसुयोचे तीन शब्द

मी शिक्का बोलतोय. बोटाएवढा, लाकडी, तोंडावर 'नुकागा' हे आडनाव कोरलेला. नगरपालिकेत माझी रीतसर नोंद आहे. आमच्या जपानात मी कागदावर उमटलो की माणूस 'हो' म्हणाला, असं धरतात. त्याच्या मनात काय होतं, कोण विचारतो!

माझे पहिले मालक तोकुझो. घरात अंथरायच्या तातामी, म्हणजे गवताच्या जाड चटया बनवायचे. एकदा त्यांचा मित्र आला, चटईला कपाळ टेकून म्हणाला, "जामीन राहा रे, नावापुरता. तुला तोशीस लागू देणार नाही." इतकं म्हटल्यावर आमच्याकडे नाही म्हणायची सोय नसते. मालकांनी कागद वाचलाही नाही. मला लाल शाईत टेकवलं आणि दाबलं. मित्र परागंदा झाला, घर गेलं. मालकांनी अंथरूण धरलं ते कायमचं. "मी कुठे बोललो? शिक्का बोलला," एवढंच पुटपुटायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्यांची मुलगी मसुयो. बापाची आठवण म्हणून तिनं मला आपल्या नावावर नोंदवलं. आईकडून आलेलं छोटं घरही तिच्याच नावावर; खाली दुकान. घरजावई किइची चटया बनवायचा, ही त्यांना कापडी काठ शिवायची.

मग किइचीला यंत्र हवं झालं. त्यासाठी कर्ज, आणि जामीन मसुयो. म्हणजे हेही घर पणाला! नवऱ्याला तोंडावर नाही म्हणायची तिची छाती नव्हती. पण त्याच वसंतात शंभर वर्षांहून जुना कायदा बदलला. धंद्याच्या कर्जाला जामीन राहायचं तर आधी सरकारी नोटरीपुढे बसायचं आणि स्वतःच्या तोंडानं सांगायचं, मी तयार आहे. मसुयो काठ शिवता शिवता घोकायची, "मी तयार नाही. मी तयार नाही." डबीत पडल्या पडल्या मी म्हटलं, सुटलो बुवा!

बँकेचा माणूस घरी आला.

"वहिनी, दुकानात तुम्हीपण काम करता?"

"म्हणजे काय! सगळे काठ माझ्या हातचे."

"मग झालंच की! धंद्यात राबणाऱ्या बायकोला नोटरीकडे जावं लागत नाही. नव्या कायद्यात तशी सूट आहे. शिक्का पुरे."

मसुयोची सुई थांबली. "अहो, मला जायचंय तिथे."

"कशाला उगाच हेलपाटा?" किइची हसला. "तुला तोशीस लागू देणार नाही."

तेच वाक्य! तिनं मला उचललं. कागदावर नुसतं टेकवलं; मी फिकटच उमटलो.

"परत एकदा, वहिनी. जरा जोर लावा."

तिनं जोर लावला.

यंत्र आलंय. काठही आता तेच शिवतं. मसुयो रिकाम्या हातांनी दुकानात बसते आणि ते तीन शब्द अजून पुटपुटते. कुणीतरी विचारा हो तिला! मला नका विचारू. मला 'नाही' म्हणता येत नाही.